इथेनॉलने तेल निघतं, पण आधी पाण्याचा हिशेब करा

पलूस तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे: गटातल्या लोकांचं मिळून सोयाबीन आणि करडई आहे, साखर कारखान्याची डिस्टिलरी हाकेच्या अंतरावर आहे. बियांतलं तेल विरघळवून काढायला कारखाने हेक्झेन वापरतात, ते पेट्रोलियममधून येतं म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं. मग हेक्झेनऐवजी इथेनॉल वापरून रोज ५०० किलो बियांचा छोटा प्लांट टाकला तर? तेल 'केमिकलमुक्त' म्हणून विकता येईल का? आणि इथेनॉलचं लायसन जड जात असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल का?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. सोयाबीनच्या तेलासाठी हा प्लांट टाकू नका. करडईसाठी तर नकोच, करडई घाण्यावर घाला. पण तुमच्याच तालुक्यात आणि सांगलीच्या बाजारात दोन-तीन माल असे आहेत की तिथे अल्कोहोलचा विचार जरूर करावा. त्यांच्याकडे शेवटी येतो.

मी पंचवीसेक वर्षं सॉल्व्हेंट प्लांटवर काढली, पहिली पंधरा हेक्झेनवर आणि उरलेली हळदीच्या ओलिओरेझिनमध्ये (हळदीचा घट्ट अर्क), म्हणजे अल्कोहोलच्या संगतीत. दोन्हींचा स्वभाव जवळून पाहिला आहे. लोक विचारतात, "अल्कोहोलमध्ये तेल विरघळतं का?" विरघळतं. विचारायला हवं ते हे, की अल्कोहोलमध्ये तेलाशिवाय आणखी काय काय विरघळतं. आणि त्या यादीत पहिलं नाव पाण्याचं आहे.

हेक्झेनला पाण्याचं वावडं आहे. सोयाबीनच्या पोह्यात (दाबून चपट्या केलेल्या बियांत) दहा टक्के ओलावा असला तरी हेक्झेन त्याला शिवत नाही, तेल तेवढं उचलतं आणि बाहेर येतं. पुढे डीटीमध्ये (पेंडीतलं सॉल्व्हेंट उडवायच्या यंत्रात) डीओसीला, म्हणजे तेल काढलेल्या पेंडीला, उघडी वाफ देऊन हेक्झेन हाकलतात, दोन्हींची वाफ एकत्र कंडेन्सरमध्ये जाते आणि डिकँटरमध्ये आपसूक वेगळी होते. वर हेक्झेन, खाली पाणी. तळाचं पाणी सोडलं की काम झालं. सगळा सॉल्व्हेंट उद्योग या एका सोयीवर उभा आहे. ही सोय इतकी अंगवळणी पडलेली असते की ती नसेल तेव्हाच तिची किंमत कळते.

अल्कोहोलला ही सोय नाही. इथेनॉल आणि पाणी कितीही प्रमाणात मिसळतात आणि मिसळले की साध्या डिस्टिलेशनने इथेनॉल वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे जात नाही, तिथे दोघं एकत्रच उकळतात. आयसोप्रोपिलचं तर ८८ टक्क्यांच्या आसपासच अडतं. त्यापुढे जायचं तर मॉलेक्युलर सिव्ह, म्हणजे पाणी शोषणाऱ्या दाण्यांनी भरलेले खांब, लागते. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल करताना डिस्टिलरीत जे खांब उभे असतात, तेच. ते काही ५०० किलोच्या शेडमध्ये बसवायचं प्रकरण नाही.

आता पाण्याने बिघडतं काय? तेल विरघळण्याची क्षमता. शुद्ध, निर्जल इथेनॉल सत्तर अंशांच्या आसपास गरम असेल तर बहुतेक खाद्यतेलं त्यात हवी तितकी मिसळतात. तेच ९५ टक्क्यांचं असेल तर त्याच्या उत्कलनबिंदूला, म्हणजे ७८ अंशांनाही, मर्यादितच तेल घेतं. पूर्ण मिसळायला त्याहून वरचं तापमान लागतं आणि त्यासाठी भांडं दाबाखाली चालवावं लागतं. नव्वदच्या खाली गेलात की बिया भिजत बसतात, तेल जागचं हलत नाही.

हिशेब करून बघा. १०० किलो सोयाबीनचे पोहे, ओलावा दहा टक्के, म्हणजे दहा किलो पाणी. त्यावर २०० किलो इथेनॉल ९५.६ टक्क्यांचं, म्हणजे साधारण २५० लिटर. त्यात अल्कोहोल १९१ किलो, पाणी नऊ किलोच्या आत. समजा बियांमधलं निम्मं पाणी, पाच किलो, अल्कोहोलमध्ये उतरलं. पहिल्याच खेपेत ते ९३ टक्क्यांवर आलं. तेच अल्कोहोल ताकद न वाढवता पुन्हा वापरलं तर दुसऱ्या खेपेला ९१, तिसऱ्याला ८९. तिसऱ्या खेपेला तुम्ही तेल काढत नाही, बिया धूत आहात. यावर उपाय एकच, बिया आधी वाळवून ओलावा तीन टक्क्यांच्या आत आणायचा. उन्हात हे होत नाही. जतच्या मे महिन्यातल्या उन्हातही नाही. त्याला ड्रायर लागतो आणि ड्रायरला जळण लागतं.

आणखी एक गंमत. अल्कोहोलची ताकद मोजायला लोक काचेचा हायड्रोमीटर बुडवतात. वापरलेल्या अल्कोहोलमध्ये तेल, साखर, रंग सगळं विरघळलेलं असतं, त्याने घनता बदलते आणि आकडा खोटा पडतो. शिवाय दुपारी ३८ अंशांना द्रव पातळ होतो, त्यामुळे ताकद आहे त्यापेक्षा जास्त दिसते. थोडं अल्कोहोल ऊर्ध्वपातन करून घ्या, वीस अंशांना थंड करा आणि मग मोजा. नाहीतर तापमान दुरुस्तीचा तक्ता वापरा. आमच्याकडे 'मीटर तर ९५ दाखवतोय' म्हणून दोन दिवस बिया दोषी धरल्या होत्या.

आता अल्कोहोलची जमेची बाजू, आणि ती खरंच सुंदर आहे. गरम अल्कोहोलमध्ये विरघळलेलं तेल थंड केलं की आपोआप वेगळं होतं. फ्लास्कमध्ये करून बघा (गॅसवर नको, गरम पाण्याच्या वॉटर बाथवर, आणि प्रयोगशाळेतच). गाळलेला मिसेला (तेल विरघळलेलं अल्कोहोल) गरम असताना पारदर्शक, फिका सोनेरी असतो. फ्लास्क थंड पाण्याच्या बादलीत धरला की पन्नासच्या खाली कुठेतरी आत धुकं उतरल्यासारखं दिसतं, मग दुधासारखं पांढुरकं होतं, मग बारीक थेंब एकमेकांना शोधत खाली जातात. अर्ध्या तासात तळाशी तेलाचा स्वच्छ थर. हो, तळाशी. तेलाची घनता ०.९२ च्या आसपास आणि अल्कोहोलची ०.७९ ते ०.८१. पाण्यावर तरंगणारं तेल अल्कोहोलमध्ये बुडतं.

हे सांगायचं कारण आहे. आमच्या चाचणीच्या वेळी एक नवा पोरगा होता, हेक्झेन प्लांटवर तयार झालेला, हुशार आणि कामाला चपळ. सेपरेटर थंड झाला तसा त्याने सवयीने तळाचा कॉक उघडला आणि खालचा थर गटाराच्या टाकीत सोडून दिला. वर येऊन म्हणाला, "साहेब, पाणी काढलं." दिवसभराचं तेल होतं ते. त्याला बोलायचं तरी काय, हेक्झेनच्या प्लांटवर तेच बरोबर असतं. दुसऱ्या दिवशी त्या कॉकवर मी लाल रंगाने 'तेल' असं लिहून घेतलं.

थंड करून तेल वेगळं होतं म्हणजे सगळं अल्कोहोल उकळून उडवायची गरज नाही, वरचा थर पुन्हा गरम करून नव्या बियांवर सोडता येतो. ही कल्पना आजची नाही. जपान्यांनी मांचुरियात सोयाबीनवर अल्कोहोल चालवलं होतं आणि १९४८ मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेतल्या बेकेल, बेल्टर आणि स्मिथ यांनी या 'डिस्टिलेशन न करता' काढायच्या पद्धतीचं काम प्रसिद्ध केलं. तेल चांगलं निघत होतं. गोंद म्हणजे फॉस्फेटाइड बऱ्यापैकी अल्कोहोलच्या थरात राहतो, मोकळी आम्लंही तिकडेच ओढली जातात, त्यामुळे खालचं तेल रिफायनिंगला हलकं पडतं. पेंड पांढरी होते, सोयाबीनचा कडवट, हिरवट वास जातो. इतकं सगळं असून जगातले सोयाबीन प्लांट हेक्झेनवर का गेले? कारण वाफ.

एक किलो हेक्झेन उडवायला साधारण ८० किलोकॅलरी लागतात. आयसोप्रोपिलला १६०. इथेनॉलला २००. थंड करून तुम्ही मिसेल्यातलं डिस्टिलेशन वाचवलंत, पण पेंडीचं काय? एक्स्ट्रॅक्टरमधून निघालेली पेंड आपल्या वजनाच्या तिसरा हिस्सा किंवा जास्तच सॉल्व्हेंट धरून बाहेर येते. ते उडवावंच लागतं, अडीचपट उष्णता देऊन. त्यातही डीटीमध्ये उघडी वाफ दिलीत तर ती वाफ अल्कोहोलमध्येच मिसळते, म्हणजे परत ताकद उतरली, परत डिस्टिलेशनचा कॉलम. कोरड्या जॅकेटने, म्हणजे भांडं नुसतं बाहेरून तापवून, उडवायला गेलात तर वेळ लागतो आणि पेंड करपते. शिवाय गरम, ओलसर अल्कोहोलने पेंडीतलं प्रथिन गोठतं. जनावराच्या खाद्याला त्याने फार बिघडत नाही, पण सोया पीठ करायचा विचार असेल तर ते पाण्यात नीट विरघळणार नाही.

आता पैशाचा हिशेब, कारण शेवटी बँकवाला तेच विचारणार. पेट्रोल विकणाऱ्या तेल कंपन्या कारखान्यांकडून इथेनॉल घेतात तो भाव २०२४-२५ च्या हंगामात मळीच्या आणि रसाच्या प्रकारानुसार लिटरला ५८ ते ६६ रुपयांच्या दरम्यान होता. तुम्हाला किरकोळीत त्या भावात मिळणार नाही, तरी ६५ धरू. २५० लिटर फिरवताना फक्त पाच टक्के हवेत गेलं तर साडेबारा लिटर, म्हणजे आठशे रुपयांच्या वर. १०० किलो सोयाबीनमधून तेल निघणार अठरा किलो. म्हणजे किलोला ४५ रुपये नुसते हवेत. हेक्झेनचा चांगला चालणारा मोठा प्लांट टनाला तीन-चार लिटरमध्ये भागवतो. छोट्या प्लांटला पाच टक्क्यांत राहणं म्हणजे प्रत्येक गास्केट, प्रत्येक व्हेंट, चिल्ड वॉटरचा कंडेन्सर असा जामानिमा हवा. तो जामानिमा ५०० किलोला परवडत नाही.

लायसनचं थोडक्यात सांगतो. इथेनॉल तुम्ही पिणार नसलात तरी ते महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली येतं आणि राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना, साठ्याची मर्यादा, रोजचं रजिस्टर हे सगळं आलं. औद्योगिक अल्कोहोलवर राज्याचा अधिकार आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे, तेव्हा ही कटकट टळेल अशी आशा ठेवू नका. डिनेचर्ड स्पिरिट स्वस्त मिळतं म्हणून खाण्याच्या मालाला लावाल तर त्यातलं कडू, विषारी द्रव्य तेलात आणि पेंडीत येईल. मिथेनॉलचं नावही काढू नका. आयसोप्रोपिलला दारूबंदीचा परवाना लागत नाही, वाफही इथेनॉलपेक्षा कमी लागते आणि ते तेलही बरं ओढतं. पण त्याचा वास पेंडीत चिवटपणे राहतो आणि म्हशीला तो तुमच्याआधी कळतो.

'केमिकलमुक्त' हा शब्द मात्र सोडून द्या. इथेनॉलने काढलेलं तेलही सॉल्व्हेंटनेच काढलेलं तेल आहे. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमांत सॉल्व्हेंटचं तेल रिफाइन केल्याशिवाय खाण्यासाठी विकता येत नाही आणि आपल्याकडची चौकट १९६७ च्या सॉल्व्हेंट तेलाच्या नियंत्रण आदेशापासून फूड ग्रेड हेक्झेन गृहीत धरून बनलेली आहे. रिफाइन तेलात हेक्झेनचा अंश पाच पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत पाच भागांच्या, आत असावा लागतो. म्हणजे नाकं मुरडणाऱ्या गिऱ्हाइकाच्या ताटात हेक्झेन जवळजवळ पोचतच नाही. ते ज्याला खरंच बाधतं तो प्लांटवरचा माणूस. वर्षानुवर्षं हेक्झेनची वाफ ओढली की हातापायांच्या नसा बधिर होतात. या बाबतीत इथेनॉल खरोखर बरं आहे, हे मान्य.

आगीच्या बाबतीत मात्र 'इथेनॉल सौम्य' असं समजू नका. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ पेटू शकते ते, १३ ते १७ अंश. महाबळेश्वरची थंडी सोडली तर आपल्याकडे दुपारचं तापमान कायम त्याच्या वर असतं. हवेत ३.३ टक्के वाफ झाली की ठिणगी पुरते. एक लिटर इथेनॉल सांडून पूर्ण उडालं तर बारा-तेरा घनमीटर हवा पेटण्याजोगी होते, म्हणजे घरातली एक छोटी खोली. वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत जाते आणि दूरच्या चुलीपाशी पोचते. ज्योत दिवसा उजेडात जवळजवळ दिसत नाही. आग विझवायचा साधा फोम अल्कोहोलवर विरून जातो, अल्कोहोलला चालणारा फोम वेगळा मागावा लागतो. गॅसच्या शेगडीवर पातेल्यात आयसोप्रोपिल गरम करून तेल काढायचे व्हिडिओ फिरत आहेत. ते बघून घरी काही करू नका, एवढंच हात जोडून सांगतो.

कॉलेजमध्ये सॉक्सलेटवर (बियांतलं तेल काढून मोजायचं काचेचं उपकरण) चाचणी करणाऱ्यांसाठी एक इशारा, कारण तुम्ही सांगलीच्या वालचंद कॉलेजला कुणाकडून तरी करून घेणार असं लिहिलं आहे. सोयाबीन हेक्झेनने काढलं तर समजा १९ टक्के निघेल आणि इथेनॉलने काढलं तर वजन त्याहून बरंच जास्त भरेल. लगेच 'अल्कोहोलने जास्त तेल निघतं' असा रिपोर्ट लिहू नका. सोयाबीनमध्ये विरघळणारी साखर दहा टक्क्यांच्या आसपास असते, त्यातली काही, शिवाय गोंद आणि रंग, सगळं त्या वजनात आलेलं असतं. सुकवलेला अर्क पुन्हा हेक्झेनमध्ये घोळवा. विरघळलं ते तेल, तळाला चिकट राहिलं ते बाकीचं.

आता कुठे चालेल ते. माझा नियम साधा आहे: तेलाबरोबर येणारी जी गोष्ट सोयाबीनमध्ये अडचण ठरते, तीच जिथे विकाऊ माल असते, तिथे अल्कोहोल.

द्राक्षाच्या बिया घ्या. तासगाव-पलूसची द्राक्षं म्हटली की लोकांना वाटतं बियांचे ढीग असतील. पण आपला सगळा माल थॉमसन, सोनाका, माणिक चमन असा बिनबियांचा, बेदाण्यातूनही बी निघत नाही. बी मिळेल ते वाइनच्या द्राक्षाच्या चोथ्यातून. तो ओला असतो, दोन दिवसांत बुरशी धरतो, म्हणून वायनरीवरच वेगळा करून वाळवावा लागतो. बियांत तेल दहा ते पंधरा टक्के. ते छोट्या एक्स्पेलरवर थंड दाबून काढा, सौंदर्यप्रसाधनाला त्याचीच मागणी असते. उरलेल्या पेंडीवर ७० टक्क्यांचं अल्कोहोल चालवा. इथे पाणी शत्रू नाही, बियांतली टॅनिनं आणि पॉलिफेनॉल पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्येच चांगली उतरतात. ओलाव्याची सगळी वरची रडकथा इथे संपते.

हळद तर घरचीच. कुरक्युमिन, म्हणजे हळदीचा पिवळा रंग, हेक्झेनमध्ये जवळजवळ येत नाही, गरम अल्कोहोलमध्ये येतं. सांगलीची हळद २०१८ पासून भौगोलिक मानांकनाची आहे. बाजारात भाव न मिळणारे बारीक तुकडे आणि चुरा ओलिओरेझिनला चालतात. भाव तेलाचा नव्हे, ओलिओरेझिनचा मिळतो, म्हणून सॉल्व्हेंटचा तोटा पचतो.

निंबोळीचंही तसंच. आधी तेल दाबून घ्यायचं, मग पेंडीतलं अझाडिरॅक्टिन (निंबोळीतलं कीडनाशक द्रव्य) अल्कोहोलने काढायचं. तेल न काढता थेट अल्कोहोल लावलं तर दोन्ही एकत्र येऊन लगदा होतो.

एरंड हा एकटा अपवाद. त्याच्या तेलात हायड्रॉक्सिल गट असल्यामुळे ते थंड अल्कोहोलमध्येही सहज विरघळतं, भेसळ ओळखायची जुनी परीक्षाच ती आहे. पण जे थंडीत विरघळतं ते थंड करून वेगळंही होत नाही, सगळं अल्कोहोल उडवावंच लागतं. शिवाय एरंडाच्या पेंडीत रिसिन हे विष असतं, ती जनावराला घालायची नाही, खतालाच.

तुमच्या सोयाबीनचं म्हणाल तर ते विका, किंवा एक्स्पेलरवर तेल काढून सात-आठ टक्के तेलाची पेंड गोठ्यांना द्या, त्या पेंडीला आपल्या भागात गिऱ्हाईक आहे. अल्कोहोलवर काही करायचंच असेल तर मला तीन आकडे पाठवा: वायनरीतून हंगामात मिळू शकणारा चोथा किती, वाळल्यावर त्यात बी किती किलो आणि त्या बियांचा ओलावा किती. ओलावा घरच्या ओव्हनमध्ये नको, १०५ अंशांच्या लॅब ओव्हनमध्ये काढून घ्या.